रोगाआधीची खूण : बार्शी-धाराशिवच्या खेड्यांतील कर्करोग-संशोधन

तेरेखोल नदीपासून शापोरा नदीपर्यंत पसरलेल्या पेडणे तालुक्यातील कोणत्याही गावी गेले असता दुखणे अंगावर काढणारी स्त्री आढळते. काजूचा हंगाम संपू दे, पुनव होऊन जाऊ दे, मुलीचे लग्न पार पडू दे, अशी कारणे निघत राहतात. आणि अवेळी होणारा रक्तस्राव किंवा दुर्गंधीयुक्त पांढरे पाणी जाणे ही गोष्ट घरच्या माणसांच्याही कानी जात नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला ही मुकाट सोशिकता फार सोयीची ठरते. वास्तविक हा रोग घाईने येणारा नव्हे. निरोगी पेशीत पहिला बदल घडल्यापासून प्रत्यक्ष कर्करोग होईपर्यंत साधारणतः दहा ते वीस वर्षे जातात. तेवढा अवधी वैद्यकाला मिळतो. परंतु त्या अवधीत स्त्रीला काहीच दुखत-खुपत नसते, ही त्यातील खरी अडचण होय.

भारतात २०२२ या एका वर्षात या कर्करोगाचे सुमारे सव्वा लाख नवे रुग्ण आढळले व सुमारे ऐंशी हजार स्त्रिया मृत्युमुखी पडल्या, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. दुसरीकडे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, तीस ते एकोणपन्नास वयोगटातील शंभर भारतीय स्त्रियांपैकी दोघींनीही ही तपासणी आयुष्यात एकदा करून घेतलेली नव्हती.

रोग दिसू लागण्यापूर्वी शरीरात त्याची जी खूण सापडते, तिला शास्त्रज्ञ जैवनिर्देशक म्हणतात. ती एखादे प्रथिन असेल, पेशीतील बदल असेल किंवा एखाद्या विषाणूचा अंश असेल. गर्भाशयमुखाच्या बाबतीत ही खूण विषाणूची आहे. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड झुर हाउझेन यांनी १९८३ व १९८४ साली एचपीव्ही या विषाणूचे सोळा व अठरा क्रमांकाचे प्रकार या कर्करोगाच्या पेशींतून वेगळे काढले. जगातील या कर्करोगाच्या दहापैकी सुमारे सात रुग्णांत हेच दोन प्रकार कारणीभूत असतात. या शोधाबद्दल त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक लाभले. मात्र हा शोध खेड्यातील स्त्रीच्या उपयोगी कसा पडेल, या प्रश्नाचे उत्तर जर्मनीत नव्हे, तर सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे व शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात शोधले गेले.

बार्शीस १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. शहरात रुग्ण रुग्णालयात येतो आणि नोंद होते. खेड्यात मुळी रुग्णच येत नाही, मग नोंद कोणाची करावयाची? म्हणून डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. बी. एम. नेने व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रम उलटा केला. कार्यकर्ते गावोगाव जाऊन रोगाची लक्षणे समजावून सांगत आणि संशयित व्यक्तींना बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात येण्यास प्रवृत्त करीत. याचे एक अनपेक्षित फळ असे मिळाले की, काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचारास येऊ लागल्या. तोवर कोणतेही नवे यंत्र आलेले नव्हते. केवळ चारचौघींत न बोलली जाणारी गोष्ट मोकळेपणाने बोलली गेली होती. गावोगावच्या शिक्षकांनी व अंगणवाडी सेविकांनी या भागाकडे विशेष लक्ष द्यावे.

याच पायावर १९९९ साली मोठी चाचणी उभी राहिली. आंतरराष्ट्रीय संस्थेचे डॉ. आर. शंकरनारायणन्, मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील तज्ज्ञ व बार्शीचे संशोधक यांनी गावांचे ५२ समूह करून तीस ते एकोणसाठ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट पाडले. पहिल्या गटाची विषाणू-चाचणी एकदाच करण्यात आली. दुसऱ्या गटात पेशींचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात आला, तर तिसऱ्या गटात गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी झाली. चौथ्या गटास फक्त माहिती देण्यात आली. त्यानंतर आठ वर्षे या स्त्रियांवर लक्ष ठेवले गेले.

एप्रिल २००९ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष बारकाईने वाचण्यासारखे आहेत. विषाणू-चाचणीच्या गटात १२७ व माहिती-गटात ११८ स्त्रियांत कर्करोग आढळला. म्हणजे चाचणीच्या गटात रोग कमी दिसला नाही, थोडा अधिकच दिसला. परंतु पुढच्या अवस्थेस पोहोचलेले रुग्ण अनुक्रमे ३९ व ८२ होते, आणि मृत्यू ३४ व ६४. गटांतील स्त्रियांची संख्या जवळपास सारखी असता मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. उरलेल्या दोन पद्धतींच्या गटांत मृत्यूंमध्ये अशी ठाम घट आढळली नाही. याचे एक कारण समजण्यास सोपे आहे. सूक्ष्मदर्शकातून किंवा डोळ्यांनी पाहणे हे पाहणाऱ्याच्या कसबावर अवलंबून असते. विषाणू-चाचणीचा निकाल यंत्र देते. शिवाय विषाणू न सापडलेल्या स्त्रियांत पुढील वर्षांत कर्करोग फारच थोडा आढळला. तीसपुढच्या स्त्रीस अनेक वर्षांचा दिलासा देणारी ही चाचणी आहे.

या संशोधनाची दुसरी बाजूही नमूद करणे आवश्यक आहे. चौथ्या गटातील स्त्रियांना कोणतीच तपासणी का दिली नाही, असा आक्षेप पुढे घेण्यात आला. देशात त्या काळी अशी तपासणी प्रचलितच नव्हती, असे संशोधकांचे उत्तर होते. ते उत्तर सर्वांनाच पटले असे नाही, आणि न पटण्यास कारणही आहे. कारण त्या ६४ मृत्यूंना आकड्यापलीकडेही घरे होती.

जिथे विषाणू-चाचणीची सोय नाही तिथे काय? मुंबईच्या झोपडवस्त्यांत १९९८ पासून टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. सुरेंद्र शास्त्री व सहकाऱ्यांनी किमान दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन आम्ल-पाहणी दर दोन वर्षांनी करविली. हे आम्ल म्हणजे गोव्याच्या स्वयंपाकघरातील विनागराचेच शुद्ध रूप. त्याने बिघडलेल्या पेशी मिनिटभरात पांढऱ्या दिसू लागतात. या गटात मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ साली जाहीर झाले. धाराशिवास एकदाच केलेली पाहणी अपुरी पडली, मुंबईत पुनःपुन्हा केलेली उपयोगी पडली, असा या दोहोंचा मेळ बसतो.

येथे एक सावधगिरीची सूचना. शरीरातील प्रत्येक खूण तपासणीस योग्य असतेच असे नाही. अंडाशयाच्या कर्करोगासाठी सीए-१२५ हे रक्तातील प्रथिन मोजण्याची पद्धत ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर पारखली गेली. रोग काही प्रमाणात लवकर सापडला. तरीही मृत्यू कमी झाले नाहीत, असे २०२१ साली निष्पन्न झाले. सबब रक्ताच्या एका नमुन्यात सर्व कर्करोग ओळखण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींवर भुलून पैसे खर्च करण्यापूर्वी आरोग्याधिकाऱ्यांचा सल्ला घेणे इष्ट.

गोवा शासनाने २०२१ साली ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोंय’ या उपक्रमाद्वारे स्तनांच्या कर्करोगाची तपासणी आरोग्यकेंद्रांवर नेली. हातात धरावयाचे लहान उपकरण त्यासाठी वापरण्यात आले. गाठ भोवतीच्या भागाहून कठीण असते, हे त्यामागील तत्त्व. उपकरणाने शंका दर्शविल्यास पुढील तपासणी करावीच लागते, कारण शंका म्हणजे निदान नव्हे.

विषाणू-चाचणीलाही हाच नियम लागू आहे. धाराशिवास दहापैकी सुमारे एका स्त्रीत विषाणू सापडला. त्यांतील बहुतेकींना कर्करोग नव्हता. पुष्कळदा हा विषाणू एक-दोन वर्षांत शरीरातून आपोआप नाहीसा होतो. तो टिकला व पेशी बिघडू लागल्या, तर तेवढा भाग गोठवून किंवा उष्णतेने नष्ट करता येतो, आणि गर्भाशय काढावे लागत नाही. विषाणू सापडला म्हणून पत्नीवर किंवा पतीवर संशय घेणे तर सर्वथा अनुचित. हा संसर्ग अत्यंत सामान्य असून अनेक वर्षांपूर्वीचा असू शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली विषाणू-चाचणीस प्रथम पसंती दिली. तीस वर्षांनंतर दर पाच ते दहा वर्षांनी ती करावी, व स्त्रीने नमुना स्वतःच घेतला तरी चालेल, असे तिचे मत आहे. संकोचापायी दवाखान्याची पायरी न चढणाऱ्या भगिनींसाठी ही तरतूद मोलाची. केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीस ते पासष्ट वर्षे वयाच्या स्त्रियांची आम्ल-पाहणी दर पाच वर्षांनी करावयाची आहे. तपासणीस मासिक पाळीचे दिवस टाळून यावे. पाळी बंद झाल्यानंतर पुन्हा रक्त दिसल्यास किंवा पतिसहवासानंतर रक्तस्राव झाल्यास मात्र शिबिराची वाट न पाहता कासारवर्णे येथील किंवा आपल्या गावाजवळच्या आरोग्यकेंद्रात त्वरित जावे. तेथून आवश्यकतेनुसार बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पाठविले जाते.