संवाहकाची दहा सुवर्णनाणी

शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ आपल्या उज्जयिनीतच घडते. देवलांनी ते मराठी रंगभूमीवर आणले. त्यातला संवाहक द्यूतात दहा सुवर्णनाणी हरतो, पळतो आणि रिकाम्या देवळात मूर्ती बनून उभा राहतो. पाठलाग करणारे तिथेच खेळ मांडतात. बिचाऱ्याला राहवत नाही आणि तो पकडला जातो!

आता फाशांच्या जागी व्हिडिओ गेमचे सामने आले. ‘अभ्यास करून पैज लावली तर?’ असे मुले आम्हांला विचारतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून गणितच मांडू. संघ दोन, तुल्यबळ. कोणावरही १०० रुपये लावा, जिंकल्यास १९० परत. दोन्हीकडे शंभर-शंभर लागले तर जमा २००, वाटप १९०. दहा रुपये पैज चालवणाऱ्याचे, कोणीही जिंको. नुसता तोटा टाळायलाही शंभरात ५३ अंदाज बरोबर यावे लागतात. खेळातल्या जाणकारालाही हे सोपे नाही.

२०२५ च्या केंद्रीय कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. ऑनलाइन पैसे लावून खेळवण्यावर मात्र बंदी घातली.

संवाहकाचे कर्ज वसंतसेनेने कंकण देऊन फेडले. घरी असे कर्ज कळले तर पालकांनी आधी पूर्ण रक्कम विचारावी, रागावणे नंतर.

मुलांनी सोडवावे : १९० ऐवजी १८० परत मिळत असतील, तर ५३ चे किती होतील?