कांद्याच्या चाळींतील दिवा

चांदवड तालुक्यांत उन्हाळ कांदा चाळींत भरला म्हणजे शेतकऱ्याचीं रात्रींचीं कामें वाढतात. पावसाळी हवेंत एक कांदा सडला कीं शेजारचे बिघडूं लागतात, म्हणून ते वरचेवर निवडून काढावे लागतात. आणि दिवसा शेतांतून उसंत नसते. मळ्यांतील चाळीपर्यंत विजेची तार पोंचलेली असतेच असें नाहीं. पूर्वीं तेथें कंदील टांगीत. आतां एलईडीची पट्टी लावावी असें पुष्कळांस वाटतें, आणि मग प्रश्न येतो तो बॅटरीचा. विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कित्येकांच्या घरीं चाळी आहेत, तेव्हां हा धडा केवळ परीक्षेपुरता नव्हे.

प्रथम पट्टीची रचना पाहूं. बारा व्होल्टच्या पांढऱ्या पट्टीवर बहुधा तीन तीन दिव्यांचे गट असतात. प्रत्येक दिव्यास सुमारें तीन व्होल्ट लागतात. तिघांचे नऊ झाले, उरलेला दाब गटांतील रोधकांत खर्च होतो. म्हणून पट्टी गटाच्या खुणेवरच कापावी लागते, आणि म्हणूनच बॅटरी नऊ व्होल्टांकडे उतरूं लागली कीं दिवे एकदम न विझतां मंदावत जातात.

आतां हिशेब. बारीक दिव्यांची, मीटरला साठ दिवे असलेली पट्टी मीटरमागें सुमारें ४.८ वॉट घेते. (मोठ्या दिव्यांची तिप्पट घेते; दुकानांत हें विचारून घ्यावें.) पांच मीटरचे २४ वॉट झाले. चार तास उजेड हवा तर ९६ वॉट-तास. वर चतुर्थांश अधिक धरावा, म्हणजे १२०. बॅटरीवरील व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करून हा आंकडा ताडून पाहावा. शिसें-आम्लाची लहान बॅटरी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची असते. गुणाकार ८४ येतो, पण निम्म्याहून अधिक उपसा नेहमीं केल्यास ती लवकर निकामी होते, म्हणजे कामाचे ४२च. लिथियम-लोह-फॉस्फेटचे ३.२ व्होल्टचे चार घट एकापुढें एक जोडले कीं १२.८ व्होल्ट होतात. १० अँपिअर-तासांची अशी घटमाला १२८ वॉट-तास देते. आपलें काम भागलें. मोबाइलच्या पॉवर बँकेवरील दहा हजार मिलिअँपिअर-तास मात्र आंतल्या ३.७ व्होल्टच्या घटाचे असतात, म्हणजे अवघे ३७ वॉट-तास. शिवाय तिचा नेहमींचा दाब पांचच व्होल्ट.

पण ह्या गणितापेक्षां मोठी गोष्ट मला एका विद्यार्थ्याच्या वडिलांच्या चाळींत कळली. घटमाला मींच जोडून दिली होती, फ्यूज न घालतां. तार पत्र्याच्या धारेवरून नेलेली पाहून मीं कुरकुर केली, तेव्हां ते म्हणाले, "मास्तर, बारा व्होल्टला काय भ्यायचें? ट्रॅक्टरच्या बॅटरीला आम्ही रोज हात लावतों." मलाही तें पटलें. बारा व्होल्टांचा झटका कोरड्या हाताला बसत नाहीं, हें खरें. पण आग झटक्यानें लागत नाहीं, प्रवाहानें लागते. पट्टीला दोनच अँपिअर हवे असतात, पण दोन्ही तारा परस्परांस भिडल्या तर तीच बॅटरी कित्येक पटींनीं अधिक प्रवाह ओतते. त्या रात्रीं वाऱ्यानें तार घांसून तिचें वेष्टन फाटलें आणि खालच्या गोणपाटांतून धूर निघूं लागला. सभोंवतीं वाळलेला कांद्याचा पाला! मुलानें हातानेंच तार ओढून काढली; त्याच्या दोन बोटांवर फोड आले.

तेव्हांपासून धन टोंकापासून वितीच्या आंत ३ अँपिअरचा फ्यूज बसविल्यावांचून मी कोणासही बॅटरी देत नाहीं. लिथियमच्या घटमालेस अतिभरण, अतिउपसा व तारा भिडणें यांपासून वांचविणारी संरक्षक पट्टी हवीच, आणि भरण्याचें यंत्र त्याच जातीचें हवें: लोह-फॉस्फेटच्या चार घटांस १४.६ व्होल्टचें, साध्या लिथियमच्या तीन घटांस १२.६ चें. जुन्या लॅपटॉपांतून काढलेले घट मुलांनीं घरीं जोडूं नयेत. कोणता घट किती थकला आहे हें बाहेरून दिसत नाहीं.

त्या चाळींत आतां पट्टी कापून अडीच मीटरच ठेविली आहे. निवडण्यास तेवढा उजेड पुरतो आणि बॅटरी दोन रात्री टिकते. पेटी चाळीबाहेरच्या खांबाला टांगलेली असते, व दर दोन दिवसांनीं तो मुलगा ती भरावयास सायकलवरून घरीं नेतो.