एक रुपयाच्या नोटेवरचा 'सागर सम्राट' आणि बॉम्बे हायचा हिशेब

लग्नाच्या पाकिटाला लावायची एक रुपयाची कोरी नोट कधी उलटी करून पाहा. नाण्याच्या चित्राभोवती समुद्रात उभा असलेला एक लोखंडी सांगाडा दिसेल. पुष्कळांना ते एखादे जहाज वाटते. तो आहे 'सागर सम्राट', जपानमध्ये बांधलेला, समुद्रात तेलविहीर खोदणारा तराफा. हव्या त्या जागी पोहोचल्यावर तो आपले लांब पाय समुद्राच्या तळावर टेकवतो आणि स्वतःला पाण्याच्या वर उचलून घेतो.

आपल्यापैकी जे भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांशी किंवा पॉलिस्टर कापडाशी संबंधित आहेत, त्यांना क्रूड चढले की यार्न चढते एवढे पक्के ठाऊक असते. परंतु आपल्याच किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर हे क्रूड कसे निघते, याची माहिती फार थोड्यांना आहे. धंदा करणाऱ्याने ती ठेवावी, असे माझे मत आहे.

खंबातच्या आखातात आणि मुंबईच्या समुद्रात १९६४-६५ च्या सुमारास रशियन जहाजातून पाहणी झाली आणि तळाखाली खडकाचा एक मोठा उंचवटा असल्याचे कळले. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले. पिंपाचा भाव तीन डॉलरवरून वर्षाच्या आत बारा डॉलरच्या घरात गेला. सरकारची झोप उडाली. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट'ने पहिल्याच विहिरीत तेल दाखवले आणि २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले. प्रथम हे तेल टँकर जहाजात भरून आणत. १९७८ मध्ये समुद्राच्या तळावरून उरणपर्यंत नळ आला, तेव्हा खरी बरकत सुरू झाली.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जमिनीखाली तेलाचे तळे नसते. बॉम्बे हायचे तेल चुनखडीच्या खडकात, बारीक बारीक छिद्रांत मुरलेले आहे. भिजलेला टॉवेल दोरीवर टाकला की आधी पाणी आपोआप ठिबकते, नंतर पिळावे लागते, आणि कितीही पिळला तरी ओल राहतेच. तेलक्षेत्राचे अगदी तसेच आहे. सुरुवातीला खडकातील दाबानेच तेल वर येते. दाब उतरला की उत्पन्न उतरते. म्हणून १९८४ पासून येथे समुद्राचेच पाणी गाळून, त्यातला प्राणवायू काढून खडकात दाबण्यास सुरुवात झाली. हे पाणी तेलाला विहिरीकडे ढकलते. प्राणवायू न काढला तर नळ गंजतात.

आता प्लॅटफॉर्म. त्याचा खालचा भाग म्हणजे पोलादी नळ्यांचा मनोरा. त्याला जॅकेट म्हणतात. ते किनाऱ्यावरच्या यार्डात जोडतात, बार्जवर आडवे घालून नेतात, सुमारे ७५ मीटर खोल पाण्यात उभे करतात आणि त्याच्या पायांतून लांब खांब तळात ठोकतात. वर मजले बसवतात. विहिरींचे प्लॅटफॉर्म लहान असतात आणि त्यांवर बहुधा माणूस राहत नाही. तेथील माल नळांनी मोठ्या प्रोसेस प्लॅटफॉर्मवर येतो. शेजारी राहण्याचा प्लॅटफॉर्म असतो, मध्ये पूल असतात, आणि जादा वायू जाळण्याची ज्योत दूर ठेवलेली असते.

विहिरीतून शुद्ध तेल येत नाही. तेल, वायू आणि पाणी यांची खिचडी येते. मोठ्या बंद टाकीत ती काही वेळ थांबवली की वायू वर, तेल मध्ये आणि पाणी खाली बसते. पाणी साफ करून समुद्रात सोडतात. तेल पंपाने पुढे जाते. वायूतील ओल काढण्यासाठी त्याला ग्लायकॉलमधून नेतात. आपल्या पॉलिस्टरमध्ये जो एमईजी पडतो, त्याच्याच घराण्यातले हे द्रव्य. सुकलेल्या वायूपैकी काही भाग दाब देऊन पुन्हा विहिरीत सोडतात, म्हणजे थकलेल्या विहिरीतील तेल हलके होऊन वर येते. बाकीचा उरणला. तेथे त्यातून स्वयंपाकाचा गॅस निघतो, थळच्या खत कारखान्याला वायू जातो आणि नागोठण्याला जाणाऱ्या भागापासून प्लॅस्टिकचे दाणे बनतात. ताग्यावर चढवलेल्या पिशवीत बॉम्बे हायचा अंश असू शकतो.

या सर्व यंत्रणेचा नाजूक भाग म्हणजे रायझर, तळावरून मजल्यापर्यंत चढणारा उभा नळ. २७ जुलै २००५ रोजी, मुंबई बुडाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, 'समुद्र सुरक्षा' या मदतनीस जहाजावरील एका स्वयंपाक्याची बोटे कापली. हवामानामुळे हेलिकॉप्टर मिळेना, म्हणून त्याला उपचारासाठी बॉम्बे हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर पाठवायचे ठरले. खवळलेल्या समुद्रात जहाज प्लॅटफॉर्मच्या फार जवळ आले. जखमी माणूस क्रेनच्या टोपलीतून वर पोहोचला, पण लाटेने जहाज रायझरवर आदळले. वायू सुटला आणि पेटला, आग शेजारच्या रायझरना लागली, आणि सुमारे दोन तासांत सात मजली प्लॅटफॉर्म समुद्रात गेला. २२ जण मृत्युमुखी पडले किंवा बेपत्ता झाले. साडेतीनशेहून अधिक माणसे वाचवली गेली. 'समुद्र सुरक्षा'ही काही दिवसांत बुडाले. रायझर जहाज लागण्याच्या बाजूला उघडे असणे ही मला यातील सर्वांत मोठी चूक वाटते; क्रेन आणि लाट नंतर येतात.

दिवसाला एक लाखाहून अधिक पिंपे तेल थांबले (एक पिंप म्हणजे १५९ लिटर). त्या आठवड्यात एका सूत दलालाने मला बजावले होते, "सेठ, समुद्रात आग लागली, आता यार्न भरून ठेवा." अशा वेळी हिशेब समजून घ्यावा. भारत आपल्या गरजेच्या क्रूडपैकी बहुतांश, आता तर ८५ टक्क्यांहून अधिक, बाहेरून आणतो. येथील क्रूडचा भावही जगाच्या बाजाराकडे पाहूनच ठरतो. आपल्या सुताचा भाव पीटीए आणि एमईजीच्या भावावर, डॉलरवर आणि मागणीवर चालतो. तेव्हा बॉम्बे हायला आग लागली म्हणून सूत महागत नाही, आणि बॉम्बे हाय मुंबईजवळ आहे म्हणून स्वस्तही मिळत नाही. दलालाला विचारायचे ते पीटीए आणि एमईजीचे नवे भाव.

क्षेत्र मात्र आता म्हातारे झाले आहे. १९८० च्या दशकात येथून दिवसाला चार लाख पिंपांच्या वर तेल निघत होते. नव्वदीच्या सुरुवातीस उत्पन्न झपाट्याने घसरले. तेव्हा घाईने उपसा केल्याची टीका झाली, आणि ती अगदीच निराधार होती असे मला वाटत नाही. २००० नंतर नव्या आणि आडव्या विहिरी खोदून घसरण बरीच रोखली गेली. तरी २०२४ मध्ये आकडा सुमारे १ लाख ३४ हजार पिंपांवर होता. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने उत्पन्न वाढवण्यासाठी ब्रिटनच्या बीपी कंपनीला तांत्रिक मदतनीस म्हणून निवडले. आणि तो जुना 'सागर सम्राट' भंगारात गेला नाही. त्यावर तेल-वायू वेगळे करण्याची यंत्रे बसवून त्याला फिरता उत्पादन प्लॅटफॉर्म बनवले गेले, आणि २०२२ मध्ये तो ओएनजीसीच्या ताब्यात आला.