तिनांची रांग

चि. मुक्तास,

तुझी यादी मिळाली. ३१, ३३१, ३३३१ करत ३३३३३३३१ पर्यंत सातही संख्या मूळ आहेत, हे तू बरोबर तपासलंस. पण त्याखालचं "म्हणून पुढच्याही सगळ्या मूळच" हे वाक्य खोडून टाक. आठवी संख्या ३३३३३३३३१ म्हणजे १७ × १९६०७८४३.

ही रांग तुटणारच होती, आणि ते मोठे भागाकार न करताही कळतं. १० च्या घातांना ३१ ने भागत गेलीस, तर दर पंधरा पायऱ्यांनी त्याच बाक्या परत येतात. तुझ्या दोन अंकी संख्येला ३१ ने भाग जातो (ती स्वतःच ३१ आहे!), म्हणून सतरा अंकी संख्येलाही जायलाच हवा. यादीतली प्रत्येक मूळ संख्या अशीच पुढच्या कुणाला तरी भागते. १७ तर यादीत नसूनही आधीच आडवा आला. हे कागदावर स्वतः कर, मामा म्हणतो म्हणून मानू नकोस.

आणि एक सवय लाव: अंकांची नक्षी दिसली की पाया बदलून बघायचं. ३३१ द्विमान पद्धतीत लिही, १०१००१०११. तीन कुठे गेले? ते दहाच्या पायाचे होते. मूळपण मात्र कुठल्याही पायात तसंच राहतं. भाग जाणं, न जाणं लिहिण्याच्या रीतीवर ठरत नाही.

म्हणून अंकांच्या खेळाला हलकं समजू नकोस हं. देवळालीच्या कापरेकर मास्तरांनी ६१७४ ची जादू दशमान अंकांतूनच काढली. शिवाय कधी कधी योग्य पाया निवडला की नक्षीच बोलू लागते. ३१ द्विमानात १११११: पाच एक. ३, ७, १२७ सुद्धा नुसते एकच. या मर्सेन संख्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली, तोवर सापडलेल्यांत सर्वांत मोठी ठरलेली मूळ संख्या द्विमानात लिहिली तर सलग १३,६२,७९,८४१ एक होतात!

अशाच नुसत्या एकांच्या संख्या चारच्या पायात लिहिल्यास, तर त्यांत मूळ फक्त ११, म्हणजे आपले ५. नऊच्या पायात एकही नाही. का, ते पुढच्या पत्रात तू मला लिही. ९ हा ३ चा वर्ग आहे, एवढीच सूचना.

तुझा,
मामा