खंजिरी, झडती आणि खाऊचा डबा

प्रश्न : आमचे वडील पहाटे साडेचारला उठून खंजिरीवर भजन म्हणायचे. मी पांघरुणात तोंड खुपसून कानांवर हात ठेवायचो. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. परवा बसस्टँडवर कुणाच्या तरी मोबाइलवर तेच भजन लागलं आणि माझा गळा दाटून आला. जे कधी आवडलंच नाही ते एवढं आत कसं जाऊन बसलं? आता मी ते घरी लावलं की पोरगा कानात हेडफोन घालतो. म्हणतो, "कावून लावता जी सकाळी सकाळी?" त्याच्यापर्यंत हे पोचणारच नाही का?
— एक वाचक, अकोला

उत्तर : पोचतंय. हेडफोनच्या आतही पोचतंय, काळजी करू नका.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात कॅरल क्रमहान्सल यांनी विशीतल्या मुलामुलींना वेगवेगळ्या काळांतली लोकप्रिय गाणी ऐकवली आणि कोणत्या गाण्यांशी आठवणी जोडल्या आहेत ते विचारलं. 2013 मध्ये त्याचा निष्कर्ष छापून आला. त्यांच्या स्वतःच्या वयातली गाणी जवळची निघाली, त्यात नवल नाही. पण त्यांचे आईवडील तरुण असतानाची, म्हणजे या मुलांच्या जन्माआधीची गाणीही तशीच जवळची निघाली. घरात जे वाजत राहतं, ते मुलाच्या आवडीनिवडीला न विचारता आत शिरतं.

शिवाय लहानपणी कानावर पडलेलं गाणं एकटं येत नाही. पावसाळ्यात खंजिरीचं कातडं ढिलं पडतं, आवाज बसतो. मग वडील ती चुलीच्या धगीवर धरून शेकून घेतात, बोटाने टिचकी मारून बघतात, पुन्हा शेकतात. बाहेर न्हाणीत बादली वाजते, गोठ्यात गाय उठते. हे सगळं त्या भजनाला चिकटून येतं. बसस्टँडवर तुम्हाला भजन ऐकू आलं, पण गळा दाटला तो त्या पहाटेमुळे.

आपल्या वऱ्हाडात ही पहाट घराघरांत पोचली, त्यामागे एक माणूस आहे. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत 1909 साली जन्मलेले तुकडोजी महाराज. 1935 मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. वाद्य निवडलं ते खंजिरी. एका हातात मावते, झोळीत बसते, गरिबाला परवडते. चाली अशा की एकाने ओळ म्हटली की दुसऱ्या फेरीला सगळ्यांनी उचलावी. त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेत 'सामुदायिक' हा शब्द उगीच आलेला नाही. ही भजनं माणसाला नुसती शांत करत होती असंही नाही. 1942 च्या ऑगस्टमध्ये चिमूर गाव इंग्रजांविरुद्ध पेटलं त्यात या खंजिरीचा वाटा होता, आणि इंग्रज सरकारने महाराजांना तुरुंगात टाकलं ते त्यामुळेच.

सोबत गाताना शरीरात काय होतं, हे स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठाने 2013 मध्ये मोजून पाहिलं. एकत्र गाणाऱ्यांचा श्वास ओळीच्या लांबीप्रमाणे एकदम आत जातो, एकदम बाहेर येतो आणि त्यापाठोपाठ हृदयाच्या ठोक्यांचा चढउतारही जुळू लागतो. मोझरीत महाराजांच्या पुण्यतिथीला दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी लाखो माणसं मौन धरून उभी राहतात. ज्यांनी ती शांतता अनुभवली आहे त्यांना हे पटवून द्यायला यंत्र लागणार नाही.

आता पोराचं. तेरा ते एकोणीस या वयात 'माझं गाणं' म्हणजे 'माझी खोली' असते. दार लावून घेतलं म्हणून त्याने घर सोडलं असं होत नाही. तो काय ऐकतो ते एकदा विचारा. रॅप असेल तर त्याला पोळ्याच्या झडत्या सांगा. तोरणाखाली बैल उभे आहेत, एक गडी पुढे येऊन यमक जुळवत सावकाराला, पुढाऱ्याला, शेजारच्या आळीला टोमणा हाणतो, लगेच दुसरीकडून उलट झडती येते आणि मधे सगळे मिळून महादेवाचा गजर करतात. पोरगा हेडफोन काढून म्हणेल, "बाबा, हे तर आमचंच आहे!"

प्रश्न : मन खट्टू असलं की मी हटकून उदास गझलाच ऐकते. आई म्हणते, जखमेवर मीठ कशाला चोळतेस? पण बरं वाटतं, हे खरं. असं का?
— एक विद्यार्थिनी, अमरावती

उत्तर : हा प्रश्न अमरावतीहून यावा हे छानच. मराठी गझलेला घर देणारे सुरेश भट 15 एप्रिल 1932 रोजी तुमच्याच गावात जन्मले. ती गझल गावोगाव गाणारे भीमराव पांचाळे तुमच्याच जिल्ह्यातले. लहानपणी पोलिओने भटांचा पाय अधू केला. 1974 मध्ये आलेल्या त्यांच्या संग्रहाचं नाव 'रंग माझा वेगळा'. स्वतःची ओळख तीन शब्दांत सांगावी तर अशी.

भरताने नाट्यशास्त्रात करुण हा रसांमध्ये धरला, म्हणजे दुःखाचीही चव घेता येते हे आपल्याकडे जुनंच आहे. खऱ्या दुःखासोबत कामं येतात : फोन करायचे, पैसे उभे करायचे, लोकांना तोंड द्यायचं. गाण्यातल्या दुःखाला फक्त ऐकायचं असतं. त्यात गझलेची बांधणी मदतीला येते. शेराची पहिली ओळ गाणारा दोनदा-तीनदा घोळवतो, दुसरी राखून ठेवतो. आपण वाट पाहतो. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाने 2011 मध्ये दाखवलं की गाण्यातली आवडती जागा येण्याआधीच, नुसत्या चाहुलीने, मेंदूत डोपामीन हे सुखावणारं रसायन सुटतं. काफियाचं यमक येतं, मागोमाग रदीफाचे ठरलेले शब्द येतात, आपण 'वा' म्हणतो आणि दुःखाची कड जरा बोथट होते.

आणि एक. ती गझल सांगत असते की हे तुझ्याआधी कुणीतरी सोसलंय. एकटीने ऐकतानाही तुम्ही एकट्या नसता. मात्र तेच गाणं रात्रभर फिरतंय, झोप उडालीय, जेवण जात नाही, असं होऊ लागलं तर गाणं बंद करा आणि आईपाशी जाऊन बसा. मीठ चोळण्याबद्दलचं तिचं बोलणं तेवढ्यापुरतं बरोबर आहे.

प्रश्न : मी परतवाड्याची, आता पुण्यात. मुलींना भुलाबाईची गाणी यूट्यूबवर लावून दाखवली, तर पाच मिनिटांत कंटाळल्या. घरात गाणं आणायचं कसं?
— एक आई

उत्तर : कंटाळणारच! ती गाणी ऐकायची नाहीतच. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर पोरींनी घरोघर जायचं, पाटावरच्या मातीच्या भुलाबाई-भुलोजीसमोर टिपऱ्या वाजवत म्हणायचं, अशी ती आहेत. चाल साधी, वळण तेच ते, म्हणजे चार वर्षांच्या पोरीलाही दुसऱ्या दिवशी येतं. सासर, माहेर, रुसवा, बाळंतपण हे सगळं त्या पोरींच्या तोंडी कळायच्या आधीच बसायचं. अर्थ पुढे लग्नानंतर उलगडायचा.

ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटाने प्रौढांचे नवे वर्ग तपासले. काही गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. सात महिन्यांनी सगळ्याच वर्गांत मैत्री जमली होती, पण गाणाऱ्यांची सगळ्यांत लवकर. 2015 मध्ये छापलेलं हे निरीक्षण आपल्या आज्यांना वाचून दाखवलं तर त्या म्हणतील, "मंग काय बाप्पा, हे सांगाले विलायतेले जा लागते?"

तेव्हा पडदा बंद करा. सोसायटीतल्या चार मुली बोलवा. परतवाड्याला आजीला फोन लावा. तिचा सूर हलत असेल, मधली ओळ ती विसरेल, विसरू द्या. तुमचाही आवाज बरा नसेल तरी म्हणा. मुली तुमचा आवाज ऐकायला येत नाहीत, तुमच्यासोबत ओरडायला येतात. टिपऱ्या नसतील तर लाटणी चालतात.

आणि खाऊचा डबा विसरू नका. गाणी संपली की झाकण लावलेला डबा कानाशी हलवायचा : खुळखुळला तर फुटाणे, धप्प वाजला तर लाडू, काहीच वाजलं नाही तर शिरा. ओळखू आल्याशिवाय उघडायचा नाही. पहिल्या दिवशी सोपा ठेवा, दुसऱ्या दिवशी अवघड. तिसऱ्या दिवशी मुलीच दार वाजवतील.