हृदयविकाराच्या झटक्यानंतर मनाची शुश्रूषा

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्च, ताळेबंद, खाटांची संख्या व वर्षभरातील शस्त्रक्रिया यांचा हिशेब येतो. रुग्ण बरा होऊन घरी गेला, की आपल्या नोंदवहीतील त्याचे पान पूर्ण होते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णाच्या बाबतीत मात्र अवघड काळ पुष्कळदा त्यानंतरच सुरू होतो. प्रस्तुत लेखक वैद्य नाही, वाणिज्य शाखेचा पदवीधर व प्रशासक आहे. परंतु प्रवेश, बिल आणि फेरतपासणी या तिन्ही खिडक्यांवर तीच माणसे वेगवेगळ्या मनःस्थितीत भेटतात. त्या निरीक्षणातून व आपल्या डॉक्टर मंडळींशी झालेल्या चर्चेतून जे उमगले, ते रुग्ण व त्यांचे कुटुंबीय यांच्या उपयोगी पडावे या हेतूने येथे मांडत आहे.

अवेळी आलेले आजारपण

‘इंटरहार्ट’ या ५२ देशांतील अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील दक्षिण आशियाई रुग्णांचे स्वतंत्र विश्लेषण २००७ मध्ये आले. त्यानुसार पहिल्या झटक्याचे सरासरी वय आपल्याकडे ५३ वर्षे, तर इतर देशांत सुमारे ५९ वर्षे आढळले. सहा वर्षांचा हा फरक कागदावर लहान दिसतो. संसारात तो फार मोठा असतो. पन्नाशीच्या आसपास घराच्या कर्जाचे हप्ते चालू असतात, मुलांची शिक्षणे संपलेली नसतात, घरात वृद्ध आईवडील असतात. ज्याच्या खांद्यावर हा सर्व भार, तोच एके सकाळी अतिदक्षता विभागात दाखल होतो.

त्यातही पूर्वसूचना नसताना झटका आला, तर मनाचा तोल अधिक ढळतो. आयुष्यभर निर्व्यसनी राहिलेला मनुष्य ‘मग मलाच का?’ असे विचारतो व त्याला संताप येतो. धूम्रपान करणारा स्वतःला अपराधी समजतो व कुणाशी बोलत नाही. काहीजण ‘मला काहीच झालेले नाही’ असे म्हणून पंधरा दिवसांत कामावर हजर होतात व औषधे बंद करतात. स्त्री रुग्ण बहुधा तक्रारच करीत नाहीत. घरी पोहोचताच स्वयंपाकघराचा ताबा घेतात आणि थकवा व रडू लपवून ठेवतात. या सर्व प्रतिक्रिया मनुष्यस्वभावाला धरूनच आहेत. त्यांत लाज वाटण्यासारखे काही नाही.

एक उदाहरण

एका पतसंस्थेत शाखाधिकारी असलेले सत्तेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ अँजिओप्लास्टी होऊन पाचव्या दिवशी घरी गेले. हृदयाचे कार्य उत्तम, रक्तदाब आटोक्यात, सर्व अहवाल समाधानकारक. तरीही पुढील महिनाभरात ते तीन वेळा मध्यरात्री आपत्कालीन विभागात आले. तिन्ही वेळा ईसीजी व रक्ततपासणी निर्दोष निघाली. तिसऱ्या वेळी रात्रपाळीच्या परिचारिकेने घाई न करता विचारले, “काका, घरी झोप कशी लागते?” तेव्हा त्यांनी सांगितले, की ते झोपतच नाहीत. रात्रभर खुर्चीत बसून राहतात. त्यांचे वडील एक्कावन्नाव्या वर्षी झोपेतच गेले होते. डोळा लागला तर आपणही उठणार नाही, ही भीती त्यांनी पत्नीलाही सांगितली नव्हती. उलट विम्याची कागदपत्रे, ठेवींच्या पावत्या व किल्ल्या त्यांनी एका फाइलीत लावून पत्नीच्या स्वाधीन केल्या होत्या. जणू खाते बंद करण्याचीच ती तयारी होती.

त्यांना त्या रात्री हृदयासाठी नवे औषध द्यावे लागले नाही. मानसोपचारतज्ज्ञांच्या काही भेटी, पत्नीसह एक सविस्तर बैठक व रोज ठरावीक अंतर चालणे यांवर ते हळूहळू सावरले. भीती पूर्ण गेली असे नव्हे. पण तिच्याविषयी घरात बोलता येऊ लागले आणि झोप परत आली.

उदासपणा आणि नैराश्य

झटक्यानंतर दोन-तीन आठवडे मन खिन्न राहणे, लवकर चिडणे, छातीत जरासे टोचले तरी दचकणे हे स्वाभाविक आहे. बहुतेकांच्या बाबतीत ते कमी होत जाते. परंतु साधारणपणे पाचांपैकी एका रुग्णास उपचारयोग्य नैराश्य येते. मॉन्ट्रियल येथील २२२ रुग्णांच्या अभ्यासात, नैराश्य असलेल्यांमध्ये पहिल्या सहा महिन्यांतील मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. तो १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये नैराश्याची गणना अशा रुग्णांच्या प्रकृतीस धोका निर्माण करणाऱ्या घटकांत करावी, असे सुचविले. कारण उघड आहे. निराश मनुष्य औषधे चुकवितो, चालणे सोडतो, तंबाखूकडे परत वळतो व फेरतपासणीस येत नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. सुमारे अडीच हजार रुग्णांवरील एका मोठ्या चाचणीत (२००३) समुपदेशनाने नैराश्य कमी झाले, पण मृत्यू वा पुन्हा येणारे झटके कमी झाल्याचे दिसले नाही. म्हणून मनावरील उपचार हे हृदयाच्या औषधांना पर्याय नव्हेत. परंतु मनुष्याचे दिवस सुखाचे व्हावेत, हेही औषधोपचाराचे एक प्रयोजन आहेच.

ओळखण्याची सोपी रीत अशी. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस कशातच रस वा आनंद वाटला नाही का? मन उदास, हताश राहिले का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे. जगणे नकोसे वाटत असल्यास एक दिवसही थांबू नये. केंद्र शासनाची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

रुग्णाने काय करावे

१. औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. विशेषतः स्टेंट बसविल्यानंतर रक्त पातळ ठेवणारी औषधे थांबविणे जिवावर बेतू शकते. एखाद्या औषधाने थकवा वा मरगळ वाटत असल्यास डॉक्टरांना विचारावे. मात्रा वा औषध बदलता येते.

२. कोणत्या दुखण्याला घाबरावे, हे घरी जाण्यापूर्वीच नीट समजून घ्यावे. छातीवर दडपण, घाम, डाव्या हातात वा जबड्यात पसरणारी वेदना असल्यास वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शंका असली तरी यावे. तपासणी निर्दोष निघाली म्हणून संकोच मानू नये.

३. चालणे डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे थोड्यापासून वाढवावे व रोज वहीत लिहावे. कालच्यापेक्षा आज शंभर पावले अधिक झाली, ही नोंद धीर देते.

४. योगाचाही आधार घेता येईल. भारतातील २४ केंद्रांवर सुमारे चार हजार रुग्णांवर झालेली चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. योगाधारित पुनर्वसनाने झटके कमी झाल्याचे सिद्ध झाले नाही. मात्र रुग्णांना स्वतःची प्रकृती अधिक चांगली वाटली व ते पूर्वीच्या कामांकडे अधिक प्रमाणात परतले.

५. पतिपत्नीच्या संबंधांविषयीची शंका मनात ठेवू नये. दोन जिने त्रास न होता चढता येऊ लागल्यास बहुधा हरकत नसते. तथापि डॉक्टरांना विचारूनच निर्णय घ्यावा.

कुटुंबीयांसाठी

घरची माणसे प्रेमापोटी रुग्णाला काचेच्या भांड्याप्रमाणे जपतात. पिशवी उचलू नका, बाहेर जाऊ नका, हे ऐकू नका, ते पाहू नका. या जपण्याने रुग्णाला आपण निरुपयोगी झालो असे वाटू लागते. डॉक्टरांनी परवानगी दिलेली कामे त्यास करू द्यावीत व घरातील निर्णयांत पूर्ववत सामील करून घ्यावे. पथ्य साऱ्या घराने पाळल्यास ते शिक्षा वाटत नाही. भेटीस येणाऱ्यांनी इतरांच्या दुखण्याच्या कथा सांगू नयेत. आणि पत्नी वा पती यांचीही कुणी विचारपूस करावी. रात्री श्वास चालू आहे ना, हे पाहण्यासाठी जागणारे तेच असतात.

पैशाची काळजी

अनेकांची झोप उडते ती खर्चाच्या विचाराने, म्हणून हा मुद्दा सांगणे कर्तव्य समजतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात असतात. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतही हृदयावरील अनेक उपचार समाविष्ट आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ अन्वये विमा कंपन्यांनी मानसिक आजारास शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण देणे बंधनकारक आहे. कागदपत्रांची चौकशी दाखल होतानाच वैद्यकीय समाजसेवकांकडे करावी. बिल झाल्यावर धावपळ अधिक होते.

विश्वस्त मंडळास विनंती

हृदयविभागातून घरी गेलेल्या प्रत्येक रुग्णास सातव्या व तिसाव्या दिवशी समाजसेवकांनी दूरध्वनी करावा, वरील दोन प्रश्न विचारावेत व गरज दिसल्यास मानसोपचार विभागाची वेळ द्यावी, असा प्रस्ताव आहे. यासाठी नवे यंत्र नको, इमारत नको. एका कर्मचाऱ्याचा रोजचा तासभर वेळ पुरेल. जो रुग्ण फेरतपासणीला येत नाही, त्याची रिकामी जागा आपल्या कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. दोन दूरध्वनींनी ती कळू शकेल. देणगीदार व हितचिंतक या अल्प खर्चाच्या कामास आपलेपणाने हातभार लावतील, असा विश्वास वाटतो.