वैशारद्य : रोजच्या जीवनातील निर्भयता



धैर्य हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे महाडचे चवदार तळे आणि नागपूरची दीक्षाभूमी उभी राहते. ते योग्यच आहे. परंतु सत्याग्रह रोज होत नाही. भय मात्र रोज भेटते. रे रोड, घोडपदेव, शिवडी या पट्ट्यात राहणाऱ्या कष्टकऱ्याला ते कोठे भेटते, ते पाहा. दारूखान्यात लोखंडाच्या वखारीवर दुपारी डबे उघडले की कोणी तरी सहज विचारतो, "आडनाव काय? गाव कुठलं?" प्रश्न साधा असतो, पण विचारणाऱ्याला खरे काय हवे आहे ते दोघांनाही ठाऊक असते. भाड्याची खोली पाहायला गेले की हाच प्रश्न उंबरठ्यावर उभा असतो. कचेरीत सत्यनारायणाची वर्गणी मागायला येतात आणि आपला हात मनाविरुद्ध खिशाकडे जातो. आपण अर्धवट उत्तर देतो, हसतो आणि विषय बदलतो. घरी येऊन मात्र मन खात राहते.

आज आपण या लहान भयाचा अभ्यास करणार आहोत.

भयाला जागच्या जागी जिंका

मज्झिम निकायात भयभेरव सुत्त आहे. संबोधीपूर्वी आपण अरण्यात एकटे कसे राहिलो, हे तथागतांनी त्यात जाणुस्सोणी ब्राह्मणाला सांगितले आहे. अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमेच्या रात्री ते मुद्दाम भीतिदायक स्थळी जात. एखादा पशू जवळ येई, मोर काटकी पाडी, वारा पाने हलवी आणि भय उत्पन्न होई. तेव्हा त्यांनी काय केले? चालत असताना भय आले तर ते थांबले नाहीत, बसले नाहीत. चालता चालताच ते भय घालवले. बसले असताना आले तर बसूनच घालवले.

यातून दोन धडे मिळतात. पहिला असा की, भय वाटणे हा दोष नव्हे. ते तथागतांनाही वाटले होते. दुसरा असा की, भय जेथे भेटते तेथेच त्याचा निकाल लावायचा असतो. "मुले मोठी झाली की बघू", "नोकरी कायम झाली की सांगू" असे म्हणणारा मनुष्य भयाला मुदत वाढवून देत असतो.

लपण्याची किंमत

आपल्या माणसांनी नाव का लपवले, याला खरी कारणे होती. परळ-लालबागच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातील दोरा तोंडाने ओढावा लागे, आणि त्याचा विटाळ मानला जाई. जेथे नावावर भाकरी अवलंबून असते, तेथे नाव लपवणाऱ्याला भेकड म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

खुद्द बाबासाहेबांवरही ही वेळ आली. १९१७ साली ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या विद्वानाला शहरात राहायला जागा मिळेना. अखेर पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना तेथून निघावे लागले. ही हकीकत त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवली. वाचकहो, दुसऱ्याच्या नावाने छप्पर मिळाले. पण सुरक्षितता मिळाली नाही. लपलेल्या माणसाचा प्रत्येक दिवस उघडे पडण्याच्या धास्तीत जातो.

त्याच बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखोंच्या साक्षीने धम्मदीक्षा घेतली. आता नाव लपवायचे नव्हते, स्वतः निवडायचे होते. धर्मांतराचा हा अर्थ आपण नीट लक्षात घेतला पाहिजे.

एका शब्दाचे धैर्य

१९६१ च्या जनगणनेत आपल्या आईवडिलांपुढे धर्माचा रकाना आला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती बौद्धांना लागू नव्हत्या. महाराष्ट्र शासनाने १९६० मध्ये राज्यापुरत्या सवलती दिल्या. परंतु केंद्राच्या सवलतींसाठी १९९० साल उजाडावे लागले. म्हणजे त्या रकान्यात 'बौद्ध' लिहिणे हे पोटाला चिमटा घेणे होते. तरीही काय घडले? १९५१ मध्ये महाराष्ट्रात बौद्धांची संख्या २,४८७ होती; १९६१ मध्ये ती सुमारे २७ लाख ८९ हजार झाली. यातील बहुसंख्य माणसे शेतमजूर, गिरणीकामगार, हमाल होती. त्यांनी भाषणे केली नाहीत. दारात आलेल्या प्रगणकाला त्यांनी एक खरा शब्द सांगितला. रोजचे धैर्य म्हणतात ते हेच.

निर्भय करणारे पाच धम्म

अंगुत्तर निकायात वैशारद्य, म्हणजे निर्भय आत्मविश्वास, देणारे पाच गुण सांगितले आहेत.

१. श्रद्धा : आंधळा विश्वास नव्हे. आपण निवडलेला मार्ग योग्य आहे, ही पारखून घेतलेली खात्री.

२. शील : ज्याचे हिशेब चोख आहेत त्याला मुकादमाच्या डोळ्यांत पाहता येते. सोबत्यांनी पेला पुढे केला असता "मी घेत नाही" एवढे म्हणणे हे पाचव्या शीलाचे पालन आहे आणि धैर्याचा अभ्यासही आहे.

३. श्रुत : जो वाचतो, ऐकतो, तो वादात गडबडत नाही. आपला इतिहास ठाऊक नसेल तर आपली ओळख सांगताना जीभ अडखळते.

४. वीर्य : एकदा गप्प बसलो म्हणून सारे संपले, असे नाही. पुन्हा प्रयत्न करणे हेच वीर्य.

५. प्रज्ञा : कोठे बोलावे, कसे बोलावे, याचा विवेक.

धैर्य कशाला म्हणू नये

गाडी येत असताना रूळ ओलांडणे हे धैर्य नव्हे. जहाजतोडणीच्या कामावर हातमोजे, टोपी न घेता उभे राहणे हेही धैर्य नव्हे. ती मागून घेणे हे धैर्य आहे. तसेच दुसऱ्याच्या देवाची टवाळी करणे म्हणजे निर्भयता नव्हे. सत्यनारायणाची वर्गणी नाकारताना "मी बौद्ध आहे, पूजेला वर्गणी देत नाही, आपल्या सोबत्याच्या आजारपणासाठी जमवाल तेव्हा माझे नाव आधी लिहा," असे म्हणता येते. यात सत्य आहे आणि मैत्रीही आहे. मैत्री नसेल तर सत्याचीही काठी होते.

या पंधरवड्याचा अभ्यास

रोज रात्री दहा मिनिटे शांत बसा आणि स्वतःला तीन प्रश्न विचारा. आज मी कोणाच्या भयाने खोटे बोललो किंवा गप्प राहिलो? खरे सांगितले असते तर नेमके काय गेले असते : नोकरी, खोली, की केवळ समोरच्याची मर्जी? उद्या त्यातली कोणती एक लहान गोष्ट मी करीन? केवळ मर्जी जाणार असेल तर उशीर करू नका. भाकरी जाणार असेल तर एकटे पुढे जाऊ नका. विहारातील कल्याणमित्राशी बोला, संघटनेला सोबत घ्या.

आणि मुलांसमोर तरी लपू नका. तुमच्या मुलीने शाळेत आपली ओळख ठामपणे सांगावी असे वाटत असेल, तर प्रथम ती तिने तुमच्या तोंडून ऐकली पाहिजे.